मदत हवी आहे: शाळेच्या खिचडीत डाळच दिसत नाही

बांधावरचा: पोरगी संध्याकाळी दप्तर टाकते न पहिले भाकर मागते. काल दुपारी शाळेत जाऊन पाह्यलं. ताटात पिवळं पाणी, भात, एखादी बटाट्याची फोड. डाळ बोटानं चाचपावी लागली. तक्रार कुठं करायची? लवकर सांगा.

वर्धेकर: कितवीत आहे पोरगी? शाळा झेडपीची का आश्रमशाळा? आश्रमशाळेचं खातंच वेगळं, भाऊ.

कापूसवाला: डाळीचं सोडा, तांदूळच प्लास्टिकचा येऊन राह्यला. आमच्या गावात बाया निवडून फेकतात. पाण्यावर तरंगते तो.

आशाताई: कापूसवाले भाऊ, ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२ मिसळून दाणे पाडतात न १०० किलोत १ किलो टाकतात. हलके असतात म्हणून तरंगतात. शिजवून पाहा, भातासारखेच मऊ होतात. आमच्याकडं पोरींच्या अंगात रक्त नाही न आपण लोह उकिरड्यावर टाकतो, जीव तुटते माझा.

कापूसवाला: मी डोळ्यांनी पाह्यलं ताई.

अकोल्याची सून: खिचडीत शेवग्याचा पाला टाकून पाहा. माझ्या पोराला तेवढंच आवडते.

बांधावरचा: पाल्याचं विचारलं नाही ताई. झेडपीची शाळा आहे, पोरगी चौथीत. पट ३८, येतात ३० च्या आसपास.

निवृत्त गुरुजी: हे आधीच सांगायला हवं होतं. पहिली ते पाचवी, एका मुलामागं रोज तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २०, भाजी ५०, तेल ५. त्यातून ४५० कॅलरी न १२ ग्रॅम प्रथिनं मिळायला पाहिजेत. म्हणजे ३० मुलांना ६०० ग्रॅम डाळ. सहावीपासून डाळ ३० ग्रॅम. सकाळी डाळ काढायच्या वेळी तिथं उभे राहा, वजन करायला सांगा. चव रजिस्टरही पाहा, वाढायच्या आधी कोणी चाखलं ते त्यात लिहितात. स्वयंपाकीण बाईवर ओरडू नका, तिच्या हाती येते तेवढंच ती शिजवते.

वर्धेकर: गुरुजी, माल वेळेवर येतच नाही. माझा भाऊ हेडमास्तर आहे, भाजीचे पैसे खिशातून भरते. मोजून काय होणार?

निवृत्त गुरुजी: मोजलं नाही तर कमी पडलं हे कोण मानणार? शाळा व्यवस्थापन समितीत २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं चारातले निदान तीन सभासद पालकच असतात. तिथं लिहून द्या.

कापूसवाला: २०२३ ला अंडं सुरू झालं होतं. ते काहून बंद केलं?

बांधावरचा: आज सकाळी गेलो होतो. ३१ पोरं, डाळ निघाली ३१० ग्रॅम. बाई म्हणाल्या, डाळ महिनाभर पुरत नाही म्हणून जपून टाकतो. गुरुजी, अर्जात काय लिहू?

निवृत्त गुरुजी: तारीख, हजेरी, डाळीचं वजन. आठ दिवसांचं मोजा, फक्त आजचं नको. खाली तीन-चार पालकांच्या सह्या घ्या न पोच मागा.