मदत हवी आहे: १४ इफडेफ, टाइप-तपासणी कोणत्या पद्धतीने?

मकरपुरा_फर्मवेअर:
पंप पॅनेलचं फर्मवेअर, सी भाषेत. १४ पर्याय, सगळे चालू/बंद, प्रत्येकाला इफडेफ (पर्याय चालू असेल तरच कोडचा तो तुकडा बिल्डमध्ये घेणारी सूचना), म्हणजे १६,३८४ प्रकार. एका बिल्डला ४० सेकंद. शुक्रवारी संध्याकाळी सगळे लावले तर पुढचा शुक्रवारही उलटेल. म्हणून जोडीनिहाय तक्ता केला: ७ बिल्ड, कुठल्याही दोन पर्यायांच्या चारही स्थिती येतात. तरी ‘लॉग चालू, डिस्प्ले बंद, जीएसएम बंद’ या प्रकारात मोडेमचं फंक्शन सापडेना. नमुने वाढवू की कुटुंबनिहाय (सगळे प्रकार एकत्र) तपासणी करू?

रावपुरा_पार्सर:
तीन पर्यायांच्या स्थिती आठ, बिल्ड सात. एक तरी निसटणारच, तुमची तीच निसटली. त्रिकुटांचा तक्ता केलात की चौघांची चूक निसटेल.
कुटुंबनिहाय पद्धतीत बिल्ड मोजतच नाहीत. प्रत्येक घोषणेला (असं फंक्शन आहे एवढंच सांगणारी ओळ) आणि प्रत्येक कॉलला ‘हे कधी असतं’ ही अट चिकटवायची. मग सॅट सॉल्व्हरला (हो/नाही अटी एकत्र खऱ्या होऊ शकतात का हे शोधणारा प्रोग्राम) विचारायचं: बंधनं (कुठला पर्याय कुठल्याबरोबर चालतो याचे नियम) पाळून कॉल आहे पण घोषणा नाही, असं होऊ शकतं का? उत्तर ‘हो’ आलं तर चुकीचा प्रकारच हातात पडतो. सीसाठी टाइपशेफ नावाचं साधन हे करतं. लिनक्स कर्नलवर चालवलेलं आहे.

मकरपुरा_फर्मवेअर:
बंधनं कुठे लिहिलेली नाहीत. सगळ्यांना तोंडपाठ आहेत.

रावपुरा_पार्सर:
मग आधी ती लिहा. नाहीतर कधीच न विकल्या जाणाऱ्या प्रकारांच्या चुकांचा ढीग येईल. आणि तुमच्या तक्त्यातली एखादी ओळ बंधन मोडत असेल, तर तिच्यातल्या जोड्याही तपासल्या गेल्या असं धरू नका.

सुरसागर_लिंकर:
दोन खाचखळगे. टाइपशेफला तुमच्या क्रॉस-कंपायलरचे (एका संगणकावर चालून पॅनेलच्या चिपसाठी कोड बनवणारा) हेडर, म्हणजे घोषणांच्या फाइली, आणि त्याचे अंगभूत मॅक्रो (आधीच ठरवलेली नावं) द्यावे लागतात. खरा वेळ तिथेच जातो. दुसरं, ‘बफर २५६ पेक्षा मोठा’ असल्या आकड्यांच्या अटी चालू/बंदच्या तर्कात बसत नाहीत. त्यांच्यासाठी मोजक्या किमती ठरवून वेगवेगळ्या फेऱ्या करा.
तोवर सातही बिल्डमध्ये अघोषित फंक्शनची वॉर्निंग एरर करून टाका. जीसीसी या सी कंपायलरच्या १४ व्या आवृत्तीआधी ती नुसती वॉर्निंग असायची आणि गडबड लिंक करताना (कंपाइल झालेले तुकडे जोडताना) कळायची. नुसतं कंपाइल करून थांबू नका, लिंकपर्यंत जा: घोषणा हेडरमध्ये सदैव असते, फंक्शनचं अंग मात्र इफडेफच्या आत.

मकरपुरा_फर्मवेअर:
आमचं अगदी हेच आहे. घोषणा उघड्यावर, अंग जीएसएमच्या आत.

सुरसागर_लिंकर:
मग एकेका फाइलची टाइप-तपासणी स्वच्छच दिसेल. घोषणाही त्याच इफडेफमध्ये घाला, मगच टाइपशेफ लावा.