जपानी घेऊ की जर्मन? (दारव्हा तालुक्यातून विचारतेय)

कापूसबोंड:
नमस्कार. इंग्रजी घेऊन बी.ए. झालंय, भाषांतराचं काम करायचं मनात आहे. आठवीपासून घरातली अनुवादक मीच. फवारणीच्या डब्यासोबत पत्रक येतं ना, ते बाबांना वाचून दाखवायचं. मागच्या हंगामात त्यात चक्क मराठीतच होतं, ‘पर्णपृष्ठावर एकसमान आच्छादन होईल अशा रीतीने द्रावण वापरावे’. बाबा म्हणाले, “हे कोनत्या भाषेत लिवलं हाय वं?” मी म्हटलं, सारं पान भिजलं पायजे, खालूनबी. तेव्हा वाटलं, हे आपल्याला जमतं.

आता विदेशी भाषा कोणती घेऊ? मामा म्हणतात जर्मन, मैत्रीण म्हणते जपानी. कोरियन मालिका बघून थोडी येते (हसू नका). पुण्यात राहण्याइतके पैसे नाहीत. दिवसा लाइनचा भरवसा नाही, त्यामुळे क्लास रात्रीचाच हवा.

आर्वीचा_बुवा:
हसलो. मालिकेतलं कोरियन बाजूला ठेव बाप्पा.

मी जपानीवाला, पुण्यात नऊ वर्षं. सुरुवात आपल्याला सोपी जाते. क्रियापद शेवटी, नामाला प्रत्यय. ‘नागपूरला जाते’ म्हणजे ‘नागुपुरु नि इकिमासु’, त्यातला ‘नि’ हा आपला ‘ला’. सहा महिने मजेत जातात, मग कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली चिन्हं. जपान सरकारच्या रोजच्या वापराच्या यादीतच २,१३६ चिन्हं आहेत. जेएलपीटी ही जपानीची परीक्षा एन-५ पासून एन-१ पर्यंत चढत जाते, जुलै आणि डिसेंबरात होते. एन-२ च्या खाली मला कोणी काम दिलं नाही, आणि तिथवर पोचायला साडेचार वर्षं गेली.

त्या परीक्षेत बोलणं नाही, लिहिणंही नाही. एन-२ खिशात घालून एका कारखान्यात दुभाषा म्हणून गेलो. इकडच्या साहेबांनी विचारलं, अजून नमुने दाखवू? पाहुणा म्हणाला, “केक्को देसु.” मी ऐटीत सांगितलं, “छान, चालेल म्हणतात.” पाच पेट्या उघडल्या! तो ‘नको, पुरे’ म्हणत होता. त्या शब्दाचे दोन्ही अर्थ होतात. हात हलवत होता, पण माझं डोकं वहीत. त्या दिवसाचे पैसे अजून यायचेत.

सेवाग्रामची_ताई:
अगं, जर्मनमध्ये मराठीसारखी तीन लिंगं आहेत, हिंदीवाल्यांची त्रेधा उडते. पण अंदाज बांधू नकोस, मुलगी तिथे नपुंसकलिंगी, ‘डास मेडशेन’. आपल्या ‘ते पोट्टं’सारखं समज.

मला जर्मन-मराठी काम वर्षातून एखादंच येतं, बाकी सगळं जर्मनमधून इंग्रजीत. म्हणजे इंग्रजी लिहिता आलं पाहिजे, नुसतं वाचता नव्हे. शिवाय हल्ली मशीनने केलेलं दुरुस्त करायला देतात, दर कमी. त्यापेक्षा तू इंग्रजी-मराठी आजच सुरू कर. ते पत्रक तू नीट लिहून काढ, हाच तुझा पहिला नमुना. आणि वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात अनुवादाचं शिक्षण आहे, एकदा येऊन बघ. एसटी स्टँडवर घ्यायला येईन.

कापूसबोंड:
ताई, पत्रक काल रात्री लिहिलं. ‘द्रावण’ला ‘औषधाचं पाणी’ केलं, चालेल ना?

बुवादादा, हिरागाना (जपानीची पहिली अक्षरं) गिरवायला घेतलं. बाबा वही बघून म्हणाले, हे त आजोबाच्या मोडीवानी दिसते. रात्रीचा क्लास कोण घेतं ते कळवा. फी हप्त्यानं घेतात का, ते आधी.