ल्युसी मॉल्टबी राहिली की!
पायरेक्सचं, म्हणजे ओव्हनमध्ये चालणाऱ्या काचेच्या भांड्यांचं, सगळं श्रेय बेसी लिटलटनला दिलं जातं; ती कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीतल्या शास्त्रज्ञाची बायको. १९१३ मध्ये बॅटरीच्या कापलेल्या काचबरणीत तिने केक भाजला, ते खरंच. पण ल्युसी मॉल्टबी राहून गेली की! गृहविज्ञान शिकवणारी ही बाई १९२९ मध्ये कॉर्निंगमध्ये आली आणि भांड्यांच्या चाचणीसाठी तिथे स्वयंपाकघरच थाटलं. हुद्द्याने डिझायनर नव्हे, पण केकचं गोल भांडं तिने कसं सुधारलं बघा: धरायला दोन्ही बाजूंना कान दिले, मापं अशी बदलली की ओव्हनच्या एकाच जाळीवर दोन भांडी शेजारी-शेजारी मावावीत. फडक्याने गुळगुळीत गरम काठ पकडताना बोटं पोळलेल्यालाच हे सुचणार (हा माझा आपला अंदाज). गिऱ्हाइकांची तक्रारपत्रंही तिच्याच विभागाकडे यायची. नक्षी, रंग वगैरे कौतुक नंतरचं.