मदत हवी आहे: मोलिब्डेनम डायसल्फाइडचे त्रिकोण येईनासे झालेत

नमस्कार. पीएचडीचं दुसरं वर्ष. सीव्हीडीने (वाफेतून पृष्ठभागावर थर वाढवण्याची पद्धत) मोलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर वाढवते आहे. मे महिन्यापर्यंत २०-३० मायक्रॉनचे स्वच्छ त्रिकोणी स्फटिक मिळत होते, रमनमध्ये (लेझरने पदार्थ ओळखायची चाचणी) दोन शिखरांतलं अंतर १९-२० प्रति सेंटिमीटर, म्हणजे एकच थर. जूनपासून एकही त्रिकोण नाही. सहा आठवडे गेले.

पद्धत अशी: एकाच झोनची ट्यूब फर्नेस (आरपार नळी असलेली भट्टी). मधोमध अ‍ॅल्युमिनाच्या बोटीत १५ मिलिग्रॅम मोलिब्डेनम ट्रायऑक्साइड, त्यावर सिलिकॉन वेफरचा तुकडा (वर ३०० नॅनोमीटर ऑक्साइडचा थर) पालथा. वायू येतो त्या बाजूला, भट्टीच्या बाहेर, ३०० मिलिग्रॅम गंधक. ते भट्टीच्या धगीनेच तापतं. आर्गॉन ८० एससीसीएम (मिनिटाला इतके घनसेंटिमीटर), मिनिटाला १५ अंशांनी ७५० अंशांपर्यंत, तिथे १५ मिनिटं.

आता वेफरवर जाडसर, गडद, समभुज चौकोनासारखे तुकडे येतात. रमनमध्ये २०३, २२८, ४९५ च्या आसपास रेषा, म्हणजे मोलिब्डेनम डायऑक्साइड. गंधक कमी पडतंय असं समजून दुप्पट केलं, तर वेफर कोरा आणि बोटीतली पावडर वरून काळी. पावडरची नवी बाटली, नवा आर्गॉन सिलिंडर, दोन्ही करून झालं. पावसाळी दमटपणा असेल म्हणून तापवण्याआधी तासभर आर्गॉन सोडून नळी धुऊन घेते. फरक शून्य.

जूनमध्ये बदललं एवढंच की क्वार्ट्झची जुनी नळी तडकली, नवी आली. व्यास तोच, लांबी १२० ऐवजी ११० सेंटिमीटर. गंधकाची बोट पूर्वीसारखीच नळीच्या तोंडापासून ३६ सेंटिमीटरवर ठेवते.

कुणाला असा अनुभव आहे का? काय तपासू?

प्रतिसाद १:
अंतर तोंडापासून मोजू नका, भट्टीच्या मध्यापासून मोजा. जुन्या नळीत बोट मध्यापासून २४ सेंटिमीटरवर होती, आता १९ वर आली. पाच सेंटिमीटर आत, म्हणजे गंधक लवकर वितळतं (११५ अंशांना) आणि लवकर उडतं. ट्रायऑक्साइडची वाफ जोरात निघू लागते तोवर गंधक संपलेलं असतं, मग अर्धवट क्षपण होऊन डायऑक्साइडवरच अडतं. दुप्पट केल्यावर पावडर काळी का झाली तेही यातच आहे: आधीच पोचलेल्या गंधकाने तिच्या पृष्ठभागावर सल्फाइडची साय धरली आणि आतला ऑक्साइड बाहेर पडेना. मात्रा ३०० वरच ठेवा, वेळ सुधारा. बोट बाहेरून दिसते ना? गंधक कधी वितळतं ते डोळ्यांनी पाहा. माझ्या भट्टीत मध्यभागी ६००-६५० अंश असताना वितळलं की त्रिकोण येतात. आणि बाहेर जाणारा वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून सोडताय ना? ते विसरू नका.

धागाकर्ती:
दादा, मनापासून आभार! बोट भट्टीच्या कडेच्या इन्सुलेशनआड गेली होती, म्हणून वितळताना दिसतच नव्हती. मी ते मनावरच घेतलं नव्हतं. आज ती तोंडापासून ३१ वर ठेवली. ६२० अंशांना वितळली. त्रिकोण आलेत, ८-१० मायक्रॉनचे. रमन उद्या सकाळी आहे. वायू सोड्यातूनच जातो. आता आकार वाढवायला आधी काय बदलू, आर्गॉनचा वेग की वेफरची उंची?