माकिवारा भिंतीला ठोकू नका

माकिवारा म्हणजे कराटेत ठोशांचा सराव करायचा खांब. या चर्चेत वर एकांनी त्याऐवजी भिंतीला फळी ठोकून रोज शंभर ठोसे मारायला सांगितलंय. कृपया तसं करू नका. जपानच्या ओकिनावा बेटावरचा पारंपरिक माकिवारा जमिनीत घट्ट पुरलेला असतो, बुंध्याशी जाड आणि वर निमुळता, उंची साधारण छातीएवढी. ठोसा बसला की वरचं टोक मागे झुकतं, आणि ते झुकणंच महत्त्वाचं. भिंतीवरची फळी हलत नाही, मग सगळा धक्का मनगट, कोपर आणि खांद्यात परत येतो.

खांबाच्या वरच्या टोकाला पूर्वी भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळत. आता चामडं लावलं तरी चालतं. ठोसा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या नकल्सनीच (मूठ वळल्यावर बोटांच्या मुळाशी वर येणाऱ्या सांध्यांनीच) बसायला हवा, मनगट सरळ रेषेत. करंगळीकडची बाजू आपटली की तिथलं तळहाताचं हाड मोडतं, त्यालाच डॉक्टर बॉक्सर्स फ्रॅक्चर म्हणतात. सुरुवातीला प्रत्येक हाताने 10-15 ठोसे, तेही अर्ध्या जोराने, पुरे. कातडी चुणचुणली तर ठीक, पण सांध्यात कळ आली किंवा मूठ सुजली तर त्याच क्षणी थांबा. आणि कातडी सोलली असेल तर ती भरेपर्यंत खांबाला हात लावू नका. क्लासमध्ये एकच माकिवारा सगळे वापरतात, जखम चिघळायला वेळ लागत नाही.

ज्या ताईंनी 12 वर्षांच्या मुलाला माकिवारा चालेल का असं विचारलंय, त्यांना कळकळीने सांगतो: त्याला आत्ता माकिवारा नकोच. या वयात हाडांची टोकं अजून वाढत असतात. सरांना मऊ पॅड धरायला सांगा.