मदत हवी आहे: मॅनेजरांची संपादन प्रेरणा मोजायची कशी?

नमस्कार. मॅनेजरांची संपादन प्रेरणा (म्हणजे काहीतरी उत्तम करून दाखवण्याची ओढ) आणि कामगिरी यांचा संबंध हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. आराखडा द्यायचा आहे आणि साधन निवडण्यावरच गाडी अडली आहे.

प्रश्नावली दिली, तर 'मला अवघड कामं आवडतात' या विधानापुढे कोणता मॅनेजर 'असहमत' लिहील? दुसरी वाट मानसशास्त्रज्ञ मॅक्लेलंड यांची. चित्र दाखवून गोष्ट लिहून घ्यायची आणि तिच्यात ही ओढ किती डोकावते त्याला गुण द्यायचे. यात उत्तर सजवणं कठीण, पण गुण देणारे निदान दोघं तरी तयार करावे लागतात. दोन्हींची सरासरी काढावी असा विचार होता. मात्र मॅक्लेलंड, केस्टनर आणि वाइनबर्गर यांचा १९८९चा लेख वाचल्यापासून ते पटत नाही. दोन्ही पद्धतींचे गुण एकमेकांशी फारसे जुळतच नाहीत!

कामगिरीसाठी हाताशी आहे ते वार्षिक अप्रेझल. त्यात जवळजवळ सगळेच 'चांगले'. मग सहसंबंध दिसणार कुठून? मनापासून विचारते, वाट सुचवा.

प्रतिसाद:
सरासरी अजिबात नको. त्याच लेखाचं म्हणणं आहे की गोष्टींतून दिसते ती आतली ओढ आणि प्रश्नावलीत उतरते ती माणसाची स्वतःबद्दलची समजूत. पहिलीवरून दीर्घकाळाच्या वागण्याचा अंदाज येतो, दुसरीवरून समोरच्या ठरावीक प्रसंगातल्या निवडीचा. दोन स्वतंत्र चल, म्हणजे वेगवेगळ्या मोजायच्या बाबी, ठेवा. स्पँग्लर यांचं १९९२चं, आधीच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषणही बघा: गोष्टींतली प्रेरणा कामात आव्हान असेल तिथे जास्त बोलते. म्हणून कामातलं आव्हानही मोजा.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मॅनेजरचा हुद्दा. मॅक्लेलंड आणि बोयाट्झिस यांनी १९८२मध्ये एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीच्या मॅनेजरांबद्दल लिहिलं, त्यात तांत्रिक काम नसलेल्यांमध्ये संपादन प्रेरणेचा बढतीशी संबंध खालच्या पातळ्यांवर दिसला. वर, जिथे काम दुसऱ्यांकडून करून घ्यायचं असतं, तिथे प्रभाव पाडण्याची प्रेरणा आणि संयम जास्त कामी आले. सगळे हुद्दे एकत्र केलेत तर हा फरकच पुसला जाईल.

अप्रेझलवर विसंबू नका. पगारवाढीशी संबंध नाही असं स्पष्ट सांगून, थेट वरिष्ठांकडून ठोस वर्तनांवर गोपनीय गुण घ्या, शक्य तर प्रेरणा मोजल्यावर काही महिन्यांनी.

प्रत्येक पातळीवरचे साधारण किती मॅनेजर मिळतील? त्यावर पुढचं विश्लेषण ठरेल.