मदत हवी आहे: टॅक्रोलिमस आणि मेथोट्रेक्सेट, एकाच घरात दोन तऱ्हा

मंडळी, घरात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचे दोन पेशंट आहेत. धाकट्या दिराचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय. त्याला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं प्रेडनिसोलोन. टॅक्रोलिमस बारा-बारा तासांनी, अलार्म लावून. सासूबाईंना आमवातासाठी मेथोट्रेक्सेट, ते मात्र आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं गेलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून डबीवर मार्करने ‘फक्त रविवार’ लिहिलंय.

आता गोंधळ असा. दिराला एरवी वेळ चुकवू नका म्हणतात, पण रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल तपासायच्या दिवशी सकाळची गोळी न घेता बोलावतात. का? सासूबाईंची लेव्हल कुणी तपासतच नाही, नुसतं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हर. शिवाय दिराला खोकला झालाय, दुसऱ्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलंय. सुरू करू का? (नातेवाईक इम्युनिटी बूस्टर सुचवतायत. त्यांना काय सांगावं!)

प्रतिसाद:
ताई, गोळी लॅबला सोबत न्या, रक्त दिलं की लगेच द्या. पुढच्या डोसच्या अगदी आधीची, म्हणजे सगळ्यांत खालची पातळी मोजायची असते. टॅक्रोलिमसमध्ये पुरेसं आणि जास्त यांत फार थोडं अंतर असतं. कमी पडलं तर शरीर नवी किडनी नाकारू शकतं, जास्त झालं तर हात थरथरतात आणि त्याच किडनीला इजा होते. आमवाताच्या छोट्या डोसमध्ये मेथोट्रेक्सेटची रक्तातली पातळी फारसं काही सांगत नाही, म्हणून पांढऱ्या पेशी, लिव्हर आणि क्रिएटिनिनवर (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) लक्ष ठेवतात.

अँटिबायोटिक ट्रान्सप्लांट टीमला विचारल्याशिवाय नको. क्लॅरिथ्रोमायसिनने टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने चढते, टीबीच्या रिफॅम्पिसिनने कोसळते. आणि ट्रान्सप्लांटनंतर खोकला अंगावर काढायचा नसतो, ताप असो वा नसो. बूस्टर तर दोघांनाही नको, जी प्रतिकारशक्ती दाबायला औषध चालू आहे तीच वाढवायची?

एक राहिलंच. दिराला न्यूमोनिया टाळायला को-ट्रायमोक्साझोल चालू असेल, तर ती गोळी सासूबाईंच्या हाती लागू देऊ नका. मेथोट्रेक्सेटसोबत ती घेतली तर बोनमॅरोवर, म्हणजे रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेवर, घाला पडतो.

धागाकर्ती:
बाप रे, चालू आहे की! दोघांच्या डब्या एकाच कप्प्यात आहेत, आत्ताच वेगळ्या करते. चिठ्ठीवर क्लॅरिथ्रोमायसिनच आहे. टीमला फोन लावतेय.